जोगिणींचा मठ आणि महिला विभागाचं हळदीकुंकू

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाला इतिहासाची आवड नव्हती. फेटे बांधून फोटो काढण्याची होती. खैरानला समुद्रकाठी शॅले भाड्याने घेऊन सहली काढायच्या, मिसळ खायची, अंताक्षरीत त्याच गाण्यांवरून त्याच बायकांनी भांडायचं, आणि परतताना पुण्यातल्या फ्लॅटचा भाव कुठल्या उपनगरात किती चढला याचा हिशोब करायचा, ही त्यांची संस्कृती. शेजारच्या देशातलं युद्ध होऊन अजून वर्ष झालं नव्हतं, पण त्या काळातही मी मंडळात सर्वांत गंभीर चर्चा ऐकली ती सोन्याच्या भावाची.

अशा मंडळाच्या महिला विभागाने संक्रांतीच्या हळदीकुंकवात माझं वीस मिनिटांचं भाषण ठेवलं, आणि तेही मध्ययुगीन जर्मनीतल्या जोगिणींच्या, म्हणजे ख्रिस्ती नन्सच्या, एका मठाच्या इतिहासावर. याचं श्रेय कुणाच्या जिज्ञासेला जात नाही. आदल्या वर्षी मायक्रोवेव्हमधल्या केकचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. ते दाखवायला आलेली बाई शेवटी ओव्हन विकायला लागली आणि कुणाला किती सूट मिळाली यावरून दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. म्हणून यंदा काहीतरी वैचारिक हवं असं ठरलं. अध्यक्षांच्या पत्नीने मला फोन केला. "वहिनी, तुम्ही जर्मनमध्ये काहीतरी केलंय ना? जरा हलकंफुलकं बोलाल का?"

मी पुण्यात इतिहास घेऊन एम.ए. केलं होतं, जर्मन शिकले होते, आणि उत्तर जर्मनीतल्या एका मठावर प्रबंध लिहायला घेतला होता. तो अर्धा झाला तेव्हा लग्न झालं आणि मी कुवेतला आले. ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. नवरा नाशिकचा, पेट्रोकेमिकल प्रकल्पात इंजिनिअर. त्याला इतिहासातलं काही कळत नसे, पण माझे कागद त्याने कधी माळ्यावर टाकू दिले नाहीत. कंपनीने एकदा त्याला कुठलंसं यंत्र शिकायला जर्मनीला पाठवलं, तर सुट्टीच्या दिवशी सहकारी बाजारात गेले आणि हा दोन गाड्या बदलून माझा मठ बघून आला. लाल विटांची भिंत, अरुंद खिडक्या, सफरचंदाची झाडं, असे बरेच फोटो, सगळे थोडे तिरपे. तेव्हापासून त्या जोगिणींना तो "तुझ्या बायका" म्हणायचा. कामावरून आला की बूट काढता काढता विचारायचा, "आज काय म्हणतात तुझ्या बायका?"

भाषणाची तयारी आम्ही फहाहीलच्या घरी दिवाणखान्यात केली. मी उभी राहून वाचायची, तो सोफ्यावर बसून ऐकायचा. "इथे झोप येते." "लॅटिन काढ, कुणावर छाप पाडायची आहे?" "ते भांड्यांचं पुढे घे, ते भारी आहे." त्याच्या सांगण्याने मी निम्मं भाषण कापलं. इतक्या वर्षांत माझ्या विषयाला कुणी एवढा वेळ दिला नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटी तो गेला.

कुवेतमध्ये आपल्या लोकांचं दहन होत नाही. देह पेटीत घालून विमानाने पाठवावा लागतो. मी नाशिकला गेले, तिथलं सगळं उरकलं आणि महिन्याभरात परत आले, कारण मुलगी बारावीला होती आणि तिची परीक्षा मार्चमध्ये. तोपर्यंत आमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, चालू ठेवायला कंपनीने मान्यता दिली होती. पुढचं काही ठरलेलं नव्हतं. माझ्यापुढे एकच गोष्ट स्पष्ट होती. ते भाषण आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम होतं, आणि ते मला माणसांसमोर उभं राहून, त्याने ठरवलं होतं तसंच, एकदा पूर्ण म्हणायचं होतं. बाकी त्या हिवाळ्यात मला कशाचीही इच्छा नव्हती.

जानेवारीच्या सुरुवातीला अध्यक्षांच्या पत्नी घरी आल्या. बरोबर महिला विभागाच्या चिटणीस होत्या, कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या. पुलावाचा मोठा डबा आणला होता. दोघींनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि मग दोघींनीही एकाच वेळी शोकेसमधल्या उंटाकडे पाहिलं.

"वहिनी, आम्ही सगळ्या तुमच्या पाठीशी आहोत," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

मी चहा ठेवायला उठले, तर त्यांनी हात धरून बसवलं. त्यांना विषय काढायचा होता आणि तो मी काढून द्यावा अशी अपेक्षा होती. मी काढला नाही.

"ते भाषणाचं," शेवटी चिटणीसबाई म्हणाल्या. "म्हणजे आम्ही काही जुन्या विचारांच्या नाही हं."

"मग अडचण काय आहे?"

"आमची काहीच नाही हो! पण काही जणींच्या फीलिंग्ज असतात. नवीन लग्न झालेल्या मुली येतात. हळदीकुंकू म्हटलं की... तुम्ही समजू शकता."

"तर भाषण रद्द करा."

"छे! पत्रिकेत छापलंय. प्रमुख पाहुण्यांना सांगून झालंय. त्या म्हणाल्या पण, वा, जर्मनी!"

अध्यक्षीणबाईंनी पदर सारखा केला. "दुसऱ्या कुणी वाचलं तर? तुमचे कागद द्या, मी वाचते. माझा आवाज चांगला आहे."

मी नाही म्हटलं. त्या दुखावल्या. त्यांना कदाचित प्रथमच कुणीतरी नाही म्हणत होतं. तेवढ्यात चिटणीसबाईंना ते सुचलं.

"आयडिया! हॉलमध्ये ते घडीचं पार्टिशन आहे ना? चहाबिहा ठेवतात तिथे. वहिनी त्याच्या मागे बसून बोलतील. आवाज काय, सगळीकडे जातोच. रेडिओसारखं!"

"अय्या, खरंच की," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आणि वहिनी, तुम्हालासुद्धा तेच बरं. कुंकू लावत लावत कुणी तुमच्यापर्यंत आलं आणि मग थांबलं, की ते ऑकवर्ड. तुम्हालाच वाईट वाटेल."

माझ्या मठात पाहुण्यांशी बोलायची एक खिडकी होती. तिला लोखंडी गज आणि आतून काळं कापड. जोगीण आत, भेटायला आलेली आई बाहेर. चेहरा दिसायचा नाही, फक्त आवाज. चर्चमध्येही त्या वरच्या सज्जात बसत, खालच्यांना दिसणार नाहीत अशा. गाणं मात्र सर्वांना ऐकू जाई आणि लोक म्हणत, काय गोड आवाज. हे सगळं माझ्या भाषणात होतं. तिसऱ्या की चौथ्या पानावर. समोरच्या दोघींनी विषय मंजूर करताना ते वाचलं होतं, निदान तसं फोनवर सांगितलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, कुठेतरी काहीतरी हलेल म्हणून. काही हललं नाही. चिटणीसबाई तर स्वतःच्या युक्तीवर इतक्या खूश होत्या की त्यांनी पुलावाचा डबा उघडून मला वाढायला घेतलं.

त्या काळ्या कापडामागे निदान एक विचार होता. चुकीचा, क्रूर, पण कुणीतरी बसून लिहून काढलेला, ज्याच्याशी वाद घालता येईल असा. माझ्यासमोर नुसत्या फीलिंग्ज होत्या, आणि त्याही दुसऱ्या कुणाच्या. त्या दुसऱ्या कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी हो म्हटलं.

मुलीने ऐकलं आणि पुस्तक आपटलं. "आई, धिस इज सो इन्सल्टिंग. डोन्ट गो."

"मला बोलायचं आहे."

"टु देम? दे वोन्ट ईव्हन लिसन."

तिचं बरोबर होतं हे मलाही ठाऊक होतं.

शुक्रवारी सालमियातल्या एका इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. संक्रांत म्हणून सगळ्या काळ्या साड्यांमध्ये. काळ्या कपड्यांतल्या एवढ्या बायका एका छताखाली मी फक्त माझ्या पुस्तकांतल्या चित्रांत पाहिल्या होत्या, पण त्या चित्रांत कुणी आरशात बघत नव्हतं. मला दारातच चिटणीसबाईंनी गाठलं आणि भिंतीकडेने, खुर्च्यांच्या मागून, जवळजवळ लपवत आत नेलं. "इकडून, इकडून. सांभाळून, वायर आहे."

पार्टिशनमागे ध्वनिव्यवस्थेचा माणूस स्टँड लावत होता. रत्नागिरीकडचा मुसलमान, खैतानमध्ये त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि मंडळाचे माइक नेहमी त्याच्याकडून येत. त्याने खुर्ची, टेबल, मग मला पाहिलं.

"मॅडम, तुम्ही हितं बसून बोलनार?"

"हो."

"बाहेर स्टेज हाय की."

"इथेच ठरलंय."

तो जरा घुटमळला. "आमच्यात पुरुष मानसं असली तर पडदा लावतात. हितं तर सगल्या बायकाच. मंग पडदा कोनापासून?"

त्याने माइकचं बटण कुठे आहे ते दाखवलं, वर चालू, खाली बंद, आणि बायकांचा कार्यक्रम सुरू होणार म्हणून निघून गेला.

मग माझ्या लक्षात आलं की मी एकटी नाही. चहाचा थर्मास, वाणासाठी आणलेले प्लास्टिकच्या डब्यांचे खोके आणि थंडीच्या कोटांचा ढीग यांच्या पलीकडे दोन म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. मांडीवर खाण्याच्या ताटल्या. एक अध्यक्षीणबाईंच्या सासूबाई, लातूरच्या, मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आलेल्या. दुसऱ्या पुण्याच्या निवृत्त शिक्षिका, मंडळातल्या कुणाच्या तरी आई. दोघींची कपाळं माझ्यासारखीच.

"ये, बस," लातूरच्या आजी म्हणाल्या. "आले की मला हितंच बसवितेत. चहा लवकर मिळतो."

"मला मुलीने सांगितलं, आई, तुला गर्दीचा त्रास होईल," शिक्षिका म्हणाल्या. "सगळा जन्म पेठेत गेला माझा. गर्दीचा त्रास होतो तो इथे आल्यावर कळला."

बाहेर माझं नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. मी बटण वर केलं आणि सुरुवात केली.

पार्टिशनमागून बोलताना समोर राखाडी रेक्झिन दिसतं आणि त्यावर कुणीतरी चिकटवलेला च्युइंगम. पलीकडचं सगळं ऐकू येतं. बांगड्या, चमचे, "अगं हा ब्लाउज कुठे शिवलास", एका मुलाचं रडणं. मी सांगत होते की मुली सहा-सात वर्षांच्या असताना मठात आणून सोडत. बरोबर हुंडा द्यावा लागे, नवऱ्याला द्यावा लागला असता त्यापेक्षा कमी. 'हुंडा' म्हटल्यावर बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. मी सांगितलं की त्या जोगिणीही काही संत नव्हत्या. सगळ्या सरदारांच्या लेकी. गरिबाघरच्या बायका फक्त धुणीभांडी करायला घेत, आणि त्यांनी वेगळं बसायचं, वेगळं जेवायचं, सज्जात पाऊल टाकायचं नाही. मोठ्या घरच्यांच्या आपापल्या खोल्या, आपापल्या पेट्या, आपापल्या चुली. भिंतीच्या आत कोंडलेल्यांनी आत आणखी भिंती बांधल्या होत्या. या वाक्यावर घरी नवरा म्हणाला होता, "हे हळू म्हण, इथे थांब." मी हळू म्हटलं आणि थांबले. त्या शांततेत बाहेरून स्पष्ट ऐकू आलं, "तिळगूळ कमी पडणार गं."

मग भांड्यांचा भाग आला. तिथल्या राजाने आणि धर्माधिकाऱ्यांनी ठरवलं की या बायका फार मोकाट झाल्या आहेत, यांना सुधारायचं. एके सकाळी गाड्या घेऊन माणसं आली. त्यांनी खोल्याखोल्यांतून प्रत्येकीचं स्वतःचं पातेलं, तवा, पितळी डाव उचलले आणि अंगणात ढीग केला. इथून पुढे एकच मोठी कढई, एकच चूल, सगळ्यांना एकच जेवण.

"भांडी नेली?"

लातूरच्या आजींचा आवाज एवढा खणखणीत होता की तो माइकमधून साऱ्या हॉलमध्ये गेला. बाहेर हशा झाला.

"हो, नेली," मी म्हटलं.

"माहेरची भांडी?"

"माहेरचीच."

"मेल्यांचं वाटोळं होवो!"

आता बाहेर सगळ्याच हसत होत्या. भाषणाला पहिली दाद मिळत होती. पार्टिशनच्या कडेने अध्यक्षीणबाई धावत आल्या, गजरा एका बाजूला लोंबत होता.

"आई! काय हे! माइक चालू आहे!"

"मग बंद कर की," सासूबाई म्हणाल्या. "मी हिच्याशी बोलायलेय."

मी बटण खाली केलं.

ते रागाने केलं नाही. मला तेवढ्यात दिसलं की माझ्याकडे तोंड करून, ताटल्या विसरून, दोन माणसं बसली आहेत. बाहेर शंभरेक होत्या आणि त्यांतल्या एकीलाही मी थांबल्याचा फरक पडणार नव्हता. पडला नाहीच. चिटणीसबाईंचा आवाज आला, "हॅलो, हॅलो... काही तांत्रिक अडचणीमुळे... तर तोपर्यंत आपण उखाणे घेऊ या!" आणि या वेळच्या टाळ्या मनापासूनच्या होत्या.

अध्यक्षीणबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "राहू दे आता वहिनी. छानच झालं. सगळ्यांना इतकं आवडलं!" त्या माझ्या खांद्याला हात लावून गेल्या. जाताना वाणाचा एक खोका उचलून नेला.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सारली, कोटांचा ढीग जरा बाजूला केला आणि दोघींसमोर, दिवाणखान्यात उभी राहायची तशी उभी राहून पुढचं सांगायला लागले. कागद टेबलावरच राहिले. पाठच होतं.

मठाच्या मुख्य जोगिणीने मोठ्या कढईला हात लावायला नकार दिला. तिला गाडीत बसवून दूरच्या दुसऱ्या मठात नेऊन ठेवलं. मागे राहिलेल्यांनी त्या कढईतलं खायचं नाही असं ठरवलं. त्या नुसत्या पावावर आणि बिअरवर राहिल्या.

"बिअर?" शिक्षिकांनी चष्मा वर केला. "जोगिणी?"

"स्वतःच गाळायच्या."

"बरं होतं की मग."

"आन् जिंकल्या का?" लातूरच्या आजींनी विचारलं.

"नाही. हरल्या. भूक लागली, थंडी पडली. खाल्लं त्यांनी कढईतलं."

"खाणारच. पोट काय ऐकतंय."

"पण पुढे दोन-तीन पिढ्यांनी राज्याचाच धर्म बदलला आणि नवीन माणसं आली. ती म्हणाली, आता मठच नको, जा घरी. तेव्हा मात्र त्या हलल्या नाहीत. दारं लावून बसल्या. वर्षानुवर्षं बसल्या. शेवटी ती माणसं कंटाळली. अजून आहे तो मठ. अजून तिथे बायका राहतात."

शिक्षिका माझ्याकडे बारीक डोळे करून पाहत होत्या, वहीत चूक शोधावी तशा. "हे कुठल्या पुस्तकात?"

"पुस्तकात आहेच. पण माझा नवरा स्वतः बघून आला होता. तिथल्या एका आजींनी त्याला सगळा मठ फिरून दाखवला. त्याला जर्मन येत नव्हतं आणि त्यांना इंग्रजी. दोन तास बोलत होती दोघं."

"काय बोलली?"

"त्याने घरी येऊन सांगितलं, तुझ्या बायका बऱ्या आहेत."

पार्टिशनपलीकडे एकीने यमक जुळवत नवऱ्याचं नाव घेतलं, मग दुसरीने. तिसरी नाव घेताना अडली आणि सगळ्या किंचाळल्या. लातूरच्या आजी तिकडे कान देऊन होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं गं त्याला?"

मी परत आल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पुलाव आला होता, शिरा आला होता, "झालं ते झालं", "आता मुलीकडे बघा", "वेळ हेच औषध" असं सगळं येऊन गेलं होतं. मंडळातल्या या सुशिक्षित बायकांपैकी एकीलाही वाटलं नव्हतं की त्या सकाळी काय घडलं ते मला कुणाला तरी सांगायचं असेल. ते अशुभ होतं, की त्यांना ऑकवर्ड होतं, देव जाणे.

"कामावर निघाला होता," मी म्हटलं. "बूट घालायला बसला आणि तसाच बसून राहिला. मी स्वयंपाकघरातून विचारत होते, डबा घेतलास का. तो ओ देईना. मला वाटलं, नेहमीसारखं ऐकत नाहीये. मी विचारतच राहिले."

बाहेर कुणाचं तरी नाव घेऊन झालं, हशा उसळला. शिक्षिकांनी उठून पार्टिशनची उघडी फट ओढून घेतली आणि परत येऊन बसल्या.

लातूरच्या आजींनी ताटली खाली ठेवली. "आन् मग?"

मी सांगत गेले.